चंद्रीचं एक वेत

आमच्या घरात म्हशी आधीपासून आहेत, मी लग्न होऊन आले तेव्हाही दोन होत्या, पण त्यांचं सगळं आई बघायच्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. मी माहेरची बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली, दूध पिशवीतनं येतं एवढंच माहिती. सासरची जमीन पादऱ्याच्या अलीकडे, सासऱ्यांचे आजोबा गायकवाडी अमलात नोकरीला होते तेव्हा घेतलेली, आता वाटण्या होऊन होऊन आमच्याकडे साडेतीन वीघा राहिली. त्यात भाजी, थोडी बाजरी, थोडी लसूणघास म्हणजे इकडचा रजको, आणि मागे गोठा. हे मकरपुऱ्याला जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, नोकरी करतात, सकाळी सातला निघतात ते रात्री येतात. त्यामुळे गोठा म्हणजे आई आणि आई म्हणजे गोठा.

एप्रिल 2024 मध्ये आईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं खाली बसायचं नाही. उकिडवं बसल्याशिवाय धार कशी काढणार? म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. त्यानंतरच्या दीड वर्षात आमची चंद्री गाभण राहून व्यायली तोपर्यंत काय काय झालं ते लिहितेय, कारण मला तेव्हा कोणी असं सविस्तर सांगितलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते.

चंद्री सुरती आहे. आमच्या भागातली मूळ जात, मही आणि साबरमतीच्या मधल्या पट्ट्यातली. अंगाने मोठी नसते, मेहसाणी किंवा जाफराबादीच्या शेजारी उभी केली तर लहानच वाटते, रंग काळाकुट्ट नाही, तांबूस भुरकट, शिंगं कोयत्यासारखी वळलेली, आणि गळ्याला दोन पांढरे पट्टे, एक जबड्याखाली आणि एक खाली छातीवर. शिंगांवरनं आईंनी नाव चंद्री ठेवलं. दूध बेताचं पण फॅट चांगलं, आणि खाणं कमी, त्यामुळे लहान घराला सुरती परवडते असं आई म्हणतात आणि हिशेब ठेवायला लागल्यापासून मीही तेच म्हणते.

जानेवारी 2024 मध्ये ती व्यायलेली होती. मी गोठा हातात घेतला तेव्हा पाचेक लिटर देत होती, दोन्ही वेळचं मिळून. मला वाटलं वेळेवर दाण म्हणजे खुराक घातला, पाणी पाजलं, शेण काढलं, दूध मंडळीत म्हणजे गावच्या दूध सोसायटीत भरलं की झालं. सकाळी चारला उठायचं, आधी शेण बाजूला करायचं, कास कोमट पाण्याने धुवायची, कोरड्या फडक्याने पुसायची, पहिल्या दोन चिळा वेगळ्या वाटीत काढून बघायच्या गुठळी वगैरे आहे का (गुठळी दिसली तर दगडी, म्हणजे कास सुजायचा रोग, सुरू होतेय समजायचं), मग धार, मग बरणी घेऊन सहाच्या आत मंडळीत. संध्याकाळी परत तेच. हे सगळं मी दीड-दोन महिन्यात शिकले, हात दुखायचे, रात्री बोटं मिटायची नाहीत, पण जमलं. अंगठा आत दुमडून काढायची मला सवय लागत होती ती आईंनी मोडली, पूर्ण मुठीने काढायची, अंगठ्याने सडाला इजा होते.

पण एक गोष्ट मला समजलीच नाही, आणि आईही तेव्हा दुखण्यात होत्या, त्यांनी विचारलं नाही. म्हैस व्यायल्यावर दोन-तीन महिन्यांत परत भरवायला, म्हणजे वळू दाखवून किंवा रेतन करून गाभण करायला हवी. नाही भरवली तर दूध हळूहळू उतरतं आणि पुढचं वेत म्हणजे विणं लांबतं, मधे ती नुसती खाते. माज, म्हणजे गाभण राहू शकते ती वेळ, येतो दर एकवीस दिवसांनी. गाय माजावर आली की गल्लीला कळतं, हंबरते, उड्या मारते. म्हशीचं तसं नाही. म्हशीचा माज मुका असतो, आणि उन्हाळ्यात तर अगदीच मुका. एप्रिल गेला, मे गेला, जून गेला, मी वाट बघत होते की ती ओरडेल. शेजारच्या मासींना जुलैत विचारलं तर त्या म्हणाल्या, "ए तो भेंस छे बेन, गाय नी जेम बोलशे नहि." तेव्हा मी घरी येऊन कालनिर्णयची पानं मागे उलटून बसले आणि एकवीस-एकवीस दिवस मोजले, किती वेळा माझ्या समोरून गेलं असेल, आणि मला खरंच रडू आलं. पैशाचं तर होतंच, पण रोज दोन वेळा तिच्या अंगाला हात लावून बसत होते आणि बघत नव्हते याचं जास्त वाईट वाटलं.

नंतर गावात येणाऱ्या पशुवैद्यांनी नीट समजावलं. म्हशी दिवस लहान व्हायला लागले की जास्त माजावर येतात, म्हणजे पावसाळा सरता सरता ते थंडीपर्यंत. उन्हाळ्यात उष्णतेने बीजकोश थंडावतात, आणि आला तरी रात्री येऊन जातो. म्हणून बघायचं पहाटे, ती बसलेली असताना. बसल्यावर पोटावर दाब येतो आणि मागून काचेसारखी पारदर्शक तार लोंबते, ती तार हीच खरी खूण. बाकी मग वारंवार थोडं थोडं मुततात, दूध अचानक अर्धा-पाऊण लिटर कमी येतं, खाण्यात लक्ष नसतं, शेपूट जरा वर धरतात. सकाळी दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

ऑगस्टच्या शेवटी तो मोठा पाऊस झाला, विश्वामित्री शहरात शिरली, बडोद्यात कितीतरी सोसायट्या पाण्याखाली गेल्या. हे तिकडेच अडकले, तीन दिवस घरी येऊ शकले नाहीत. आमच्या शेतात गुडघाभर पाणी होतं पण गोठ्याचा ओटा उंच आहे, सासऱ्यांनी बांधतानाच उंच घेतला होता, तो वाचला. मी आणि आई दोघीच. दूध मंडळीपर्यंत नेता आलं नाही, घरीच विरजण लावलं, लोणी काढलं. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी गोठ्यात खाट टाकून बसले होते. 28 तारखेला पहाटे बॅटरी मारली आणि तार दिसली. एवढी स्पष्ट की मला ओरडावंसं वाटलं. आणि रस्ता बंद! फोन केला तर डॉक्टर म्हणाले बेन मी निघूच शकत नाही. तेव्हा फक्त तारखेला लाल गोल केला आणि पुढे मोजून 18 सप्टेंबरला अजून एक.

अठराला ती बरोब्बर आली, अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस होता. भरवली. कृत्रिम रेतनच, चांगल्या सुरती वळूचं बीज मागितलं. ते काम पाच मिनिटांचं असतं पण आधी म्हशीला शांत ठेवावं लागतं, पळवायची नाही, मारायचं नाही, नंतर सावलीत बांधून अंगावर पाणी मारायचं. मग एकवीस दिवस देवाचं नाव. पण 9 ऑक्टोबरला ती उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली. नवरात्र चालू होतं, मी माहेरी ओटी भरायला गेलेले, रात्री उशिरा आले तेव्हा आई म्हणाल्या सकाळपासून शेपूट वर धरतेय. डॉक्टर म्हणाले आता वेळ गेली असेल, घाई नको, पुढचा पकडू. त्यांनी मिनरल मिक्श्चर रोज पन्नास ग्रॅम सुरू करायला सांगितलं, जंताचं औषध दिलं. मी दाणात मीठ टाकायची पण खनिजं कधी दिली नव्हती, हिरवा चारा भरपूर आहे म्हणजे सगळं मिळतं अशी माझी समजूत.

30 ऑक्टोबर, धनत्रयोदशीचा दुसरा दिवस. पहाटे तार, संध्याकाळी डॉक्टर आले, दिवाळीच्या कपड्यातच आले बिचारे. एकवीस दिवसांनी काही नाही. बेचाळीस दिवसांनी काही नाही. जानेवारीच्या शेवटी तपासणी केली, त्यांनी हात घालून बघितलं आणि मान डोलावली. आई खुर्चीत बसल्या होत्या, त्यांनी तिथूनच गुळाचा खडा मागवला आणि चंद्रीला स्वतःच्या हाताने दिला.

म्हशीचे दिवस साधारण 310, गायीपेक्षा महिनाभर जास्त. म्हणजे 5 सप्टेंबर 2025 धरली तारीख. पण जुनं वेत लांबलेलं, फेब्रुवारीत दूध लिटरवर आलं आणि मार्चमध्ये ती पूर्ण आटली. पुढे सहा महिने भाकड. गोठ्यात दुसरी म्हैस होती म्हणून घरचं आणि मंडळीचं थोडंफार चाललं, नाहीतर कठीण होतं. भाकड आहे म्हणून खाणं थांबत नाही, रोज वीसेक किलो हिरवं, पाच-सहा किलो सुकं, आणि किलोभर दाण तरी लागतंच. आमच्याकडे बाजरीचे पुळे म्हणजे सुक्या कडब्याच्या पेंढ्या नात्यातल्या एकांकडून बोरसदच्या बाजूने यायचे. 9 जुलैला महीवरचा गंभीरा पूल पडला, त्यात इतकी माणसं गेली की चाऱ्याचं बोलायचीही लाज वाटते, पण त्या बाजूचं जाणं-येणंच लांबून झालं आणि गाडीभाडं परवडेना. यांनी तेव्हा विचारलं की विकायची का. वाईट विचारलं नव्हतं, हिशेबाने विचारलं होतं. मी नाही म्हटलं. दोन महिने राहिले होते, पोटात पारडू हलताना उजव्या कुशीला हात लावला की कळायचं, थंड पाणी प्यायली की तर हमखास लाथ मारायचं, ती मी रोज बघायची.

शेवटच्या दोन महिन्यांत दाण वाढवलं, दीड किलो जास्त, कारण पोटातलं पिल्लू याच काळात झपाट्याने वाढतं आणि कासही भरायला लागते. घटसर्पाची लस पावसाळ्याआधीच झाली होती. ओट्यावर पाय घसरू नये म्हणून भुशाचा थर टाकायची. ऑगस्टच्या शेवटी कास भरली, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूला खड्डे पडले, हाडं सुटल्यासारखी दिसायला लागली. गणपतीत मी एक दिवसही शहरात गेले नाही. 5 गेली, 6 ला विसर्जन झालं, काही नाही.

7 तारखेला चंद्रग्रहण होतं, खग्रास, रात्री दहाच्या सुमाराला सुरू होऊन दीडपर्यंत. आईंनी दुपारीच गेरू कालवून चंद्रीच्या पोटावर आणि शिंगांना बोट लावलं. मी काही बोलले नाही, त्यांनी आयुष्यभर असंच केलंय आणि त्यात तिला त्रास काही नव्हता. आभाळ भरलेलं, चंद्र दिसलाच नाही. संध्याकाळपासून तिने दाणाला तोंड लावलं नाही, उठ-बस चालू, शेपूट वाकडी. साडेअकराला पाणमोट, म्हणजे पिल्लाभोवतीची पाण्याची पिशवी, दिसली, थोड्या वेळात फुटली. मला आधी सांगितलेलं होतं की पाणमोट फुटल्यावर तास-दीड तासात काही पुढे सरकलं नाही तर फोन करायचा, तोवर हात घालायचा नाही. दोन पुढचे खूर दिसले, तळवे खालच्या बाजूला, आणि त्यावर टेकलेलं नाक. म्हणजे सरळ आहे. मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. हे बॅटरी धरून उभे, आई दारात खुर्ची टाकून, कोणी बोलत नव्हतं. खांदे अडकले तेव्हा तिच्या कळेबरोबर खालच्या दिशेने थोडं ओढलं, कळ थांबली की मीही थांबायची. बारा चाळीसला पारडू बाहेर आलं.

आणि ते हलेना. नाकातोंडात चिकट भरलेलं. बोटाने काढलं, फडक्याने पुसलं, मागचे पाय धरून यांनी उचलून डोकं खाली केलं, मी गोणपाटाने बरगड्या चोळत होते, जोरात, आई म्हणत होत्या अजून जोरात. मग गवताची काडी नाकात फिरवली आणि ते शिंकलं. एवढीशी शिंक. चंद्री लगेच वळली आणि चाटायला लागली, आणि ती जो आवाज काढत होती तो मी आधी कधीच ऐकला नव्हता, ओरडणं नाही, घशातल्या घशात, हुंकारासारखा. पारडी होती.

नाळ चार बोटं ठेवून दोऱ्याने बांधली, खालची कापली, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवली. ती उठायचा प्रयत्न करत होती पण पाय फाकत होते, म्हणून पहिला चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध, बाटलीने पाजला. जार म्हणजे वार पडेपर्यंत पाजायचं नाही असं आमच्याकडे अजूनही मानतात, आई पण आधी तसंच म्हणत होत्या. पण गोष्ट अशी आहे की पोटात असताना आईच्या रक्तातली रोग अडवणारी शक्ती पिल्लात उतरतच नाही, ती सगळी चिकातून मिळते, आणि पिल्लाचं आतडं ती पहिल्या काही तासांतच नीट घेऊ शकतं. तासाभराच्या आत पाजा, आणि दिवसभरात वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे आमच्या पारडीला अडीच लिटर. हे मी आईंना आधीच सांगून ठेवलेलं, त्या "बरं" म्हणाल्या आणि बाटली त्यांनीच धरली.

जार सकाळपर्यंत लोंबत होती. येणारा-जाणारा सांगायचा, दगड बांध, ओढ, जोडा बांध. मला भीती वाटत होती पण ओढायची नाही हे पक्कं होतं, आत तुटून राहिली तर सडते, गर्भाची पिशवी खराब होते आणि म्हैस पुढे गाभण राहत नाही. बारा तास वाट बघायची आणि मग डॉक्टर. साडेआठला आपोआप पडली, पूर्ण. तिने खाऊ नये म्हणून लगेच उचलून शेताच्या कडेला खोल पुरली. तिला गूळ घालून बाजरीची घाट पाजली.

खरी कठीण गोष्ट पुढे होती. तिसऱ्या दिवशी कास तट्ट भरलेली आणि मी बसले की पान्हाच सोडेना. गायीच्या कासेत खालच्या बाजूला थोडं दूध साठलेलं असतं, म्हशीच्या तिथे शंभरात पाच भाग जेमतेम, बाकी सगळं वर आत असतं, ती मनाने सोडेल तेव्हाच उतरतं. पारडी लावली की सोडायची, मी बसले की बंद. मागच्या वेळी मी मधेच सुरू केलं होतं, बसवलेली म्हैस आयती मिळाली होती, ते आता कळलं. दोन दिवस मी घामाघूम. मग आई वॉकर घेऊन गोठ्यात आल्या, खुर्चीत बसल्या, चंद्रीच्या मानेखाली त्या पांढऱ्या पट्ट्यावर खाजवत "हं माय, हं, हं" असं म्हणत राहिल्या. मिनिट-दीड मिनिट. सड गरम झाले, फुगले, आणि हातात धार आली. आई म्हणाल्या, "तू मुकी बसतेस ना, तिला कळत नाही तू आहेस." त्या दिवसापासून मी बोलते. काहीही बोलते, काय स्वयंपाक केला ते सांगते. पान्हा सुटल्यावर सात-आठ मिनिटं असतात, तेवढ्यात काढून व्हायला हवं, एका सडाचं पारडीसाठी ठेवायचं.

पहिल्या दोन दिवसांचा खरवस केला, वेलची आणि गूळ घालून, मासींकडेही दिला, त्याला त्या बळी म्हणतात. पाच दिवस मंडळीत भरलं नाही. 13 तारखेला भरलं. नळकांड्यातून नमुना घेतात, मशीनवर फॅट येतं, चिठ्ठी निघते. पहिली चिठ्ठी, 3.2 लिटर, फॅट 7.1. पैसे दुधाचे नाही, फॅटचे मिळतात, समजा किलो फॅटला 800 भाव धरला तर त्या वेळचे एकशे ऐंशीच्या आसपास होतात. ती चिठ्ठी मी आईंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

पारडीचं एक सांगायचं राहिलं. दहाव्या दिवशी जंताचं औषध, पाइपराझिन, चुकवायचं नाही. म्हशीच्या पिल्लाला जंत आईच्या दुधातनंच येतात, बाहेरून यायची गरज नसते, आणि मग पांढरी मातकट हगवण लागते आणि चांगलं दिसणारं पिल्लू दोन-चार दिवसांत जातं. आमच्या गोठ्यात पूर्वी दोन गेली होती, आई म्हणायच्या दृष्ट लागली. हिला दिलं, नंतर वेळेवर परत दिलं. आता दोन महिन्यांची आहे, कोवळा रजको चघळते, माझ्या साडीचा पदर चघळते, कानात पिवळा बिल्ला अजून लावायचाय.

सकाळ-संध्याकाळ मिळून चंद्री आता सहा लिटरवर आहे, फॅट साडेसातच्या पुढे. कालनिर्णयवर सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मी परत गोल करत आलेय. पहाटे खाट गोठ्याजवळच असते, बॅटरी उशाशी. आज चारला बघितलं तर ती बसलेली होती आणि शेपटीखाली तार होती, पातळ, स्वच्छ. दूधही अर्धा लिटर कमी आलं. डॉक्टरांना फोन केलाय, पाच वाजता येतो म्हणालेत. तिला सावलीत बांधलंय.